लोखंडाचा शेजारी

धारगळच्या आमच्या घरात आईचा सर्वांत जुना वैरी म्हणजे लाल धूळ. बाबा डिचोलीकडच्या खाणीवर कामाला होते. संध्याकाळी परतले की ते अंगणातच सदरा काढीत आणि आई विहिरीकाठच्या दगडावर तो घाशीत बसे. पाणी लाल होई. सदरा मात्र कधी पुरता पांढरा झाला नाही.

शाळेत मास्तरांनी फळ्यावर अणू काढला, तेव्हा कळले की त्या धुळीचा लाल रंग लोखंड आणि प्राणवायू यांच्या संयुगाचा. लोखंडाच्या अणुकेंद्रकात 26 प्रोटॉन, बहुधा 30 न्यूट्रॉन. भोवती 26 इलेक्ट्रॉन. केंद्रक म्हणजे अंगणात पडलेली काजूची बी मानली, तर अणूची हद्द सुमारे अर्ध्या किलोमीटरवर जाते. मधली जागा जवळजवळ रिकामी. रदरफोर्ड यांनी हे केंद्रक 1911 साली जगापुढे मांडले. मी घरी येऊन ते ऐकवले, तर आई म्हणाली, "एवढं रिकामं असेल, तर डाग का जात नाही रे?" चिकटणे, टोचणे, स्पर्श हा सारा त्या विरळ इलेक्ट्रॉनांचाच व्यवहार असतो, हे उत्तर मला पुष्कळ उशिरा सापडले.

2008 साली आईला कर्करोग झाला. किरणोपचारांसाठी तिला मुंबईस नेले. यंत्रात कोबाल्ट होते. अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असतानाच्या त्या काळात भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे असे देशी यंत्र घडवले होते. गोवा मुक्तिलढ्यातील पुरुषोत्तम काकोडकर हे त्यांचे वडील, हे ऐकून आईला उगीचच धीर आला.

"त्या यंत्रात असतं तरी काय?" तिने विचारले.

"बाबांच्या सदऱ्यावरच्या लोखंडाचा शेजारी. एक प्रोटॉन जास्त, इतकंच."

"मग ओळखीचाच म्हणायचा," ती म्हणाली आणि आत गेली.

निसर्गातले कोबाल्ट स्वस्थ असते. अणुभट्टीत त्याच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन अधिक शिरला की ते अस्वस्थ होते. पुढे केव्हातरी एक न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये पालटतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, अणू निकेलचा होतो आणि गॅमा किरण सुटतात. हेच किरण आईच्या गाठीवर पडत होते. अशा अणूंपैकी निम्मे सुमारे सव्वापाच वर्षांत पालटतात. परंतु त्यांतला अमुक एक अणू केव्हा पालटेल, हे कोणालाही सांगता येत नाही. हिशेब समुदायाचा असतो; एकट्याला तो लागू पडत नाही.

डॉक्टरांनीही आम्हांला शंभर रुग्णांचा हिशेब सांगितला होता. मी तो मनात घोळवीत राहिलो. आईने मात्र तो आपल्याविषयी आहे असे कधी मानलेच नाही. परतल्यावर तिने पहिल्याच दिवशी सदरा धुवायला घेतला.

2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. विहिरीकाठचे पाणी प्रथमच स्वच्छ वाहू लागले. पुढच्या वर्षी आई गेली. निदानानंतर पाच वर्षे ती आमच्यात होती.

बाबांचा एक सदरा अजून पेटीत आहे. काखेपाशी तांबूस झाक आहे. तो पुन्हा धुवावा, असे आम्हां कोणाला वाटले नाही.