धामणीचा घास

धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असे आमच्या आजीचे ठाम मत होते, आणि आजीच्या मतावर आमच्या घरात अपील नसे. पुढे सापाच्या तोंडाची रचना वाचली तेव्हा मला त्या गाईचीच कीव आली. वर चार आणि खाली दोन अशा दातांच्या रांगा, आणि प्रत्येक दात आत घशाकडे वळलेला! असे तोंड आचळाला लागले तर गाय उभी राहील काय? शिवाय चोखायला ओठ लागतात, गाल लागतात. ते सापापाशी कुठले?

त्याची अडचण निराळीच. हात नाहीत, चावायला दाढा नाहीत, आणि डोक्याहून जाड उंदीर अख्खा पोटात घालायचा! म्हणून त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी पक्के सांधलेले नसतात. एका ताणल्या जाणाऱ्या बंधाने नुसते धरलेले असतात. एक बाजू पुढे सरकते, दात रोवते, ओढते, मग दुसरी. उशीला अभ्रा चढवताना आपले हात करतात तेच. साप गिळतो कसला, भक्ष्यावर चढतो म्हणा ना! तेवढ्या वेळात गुदमरू नये म्हणून श्वासनलिकेचे तोंड पुढे काढण्याची सोयही आहे. छातीचे मधले हाड नसल्यामुळे बरगड्या फाकतात आणि घास पुढे सरकतो.

आपल्या कण्यात मणके ३३. धामणीच्या धडातच २०० च्या आसपास, आणि त्यांना बरगड्यांच्या जोड्या. त्यांच्यावरचे स्नायू अंगाला वळणे देतात, वळणे दगडाढेकळांना रेटा देतात, आणि साप पुढे जातो. रेटायला काही नसले की पंचाईत. गुळगुळीत फरशीवर तो जागच्या जागी वळवळतो आणि बघणाऱ्यांना वाटते, अंगावर येतोय!

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या जिन्याखाली हेच झाले. पोट फुगलेली सहा फुटी धामण फरशीवर नुसती घसरत होती आणि तळमजल्यावरचे काका काठी उगारून उभे. मोठे डोळे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा; मी सुरक्षित अंतरावरून ओरडलो, "काका, थांबा! बिनविषारी आहे."

"तुम्ही विचारून आलात वाटतं?"

"पोटात तुमच्याच कोठीतला उंदीर असेल!"

काकांची काठी घटकाभर अधांतरी राहिली. तेवढ्यात धामणीने आ वासला, ओला उंदीर फरशीवर टाकला, आणि हलकी होऊन भिंतीच्या खडबडीत कडेला अंग लावताच सरसर मोरीतून बाहेर गेली. काकांनी काठी खाली घेतली. तो उंदीर कोणी उचलायचा, हा वाद मात्र रात्री जेवणे होईपर्यंत चालला होता.