पैनगंगेच्या पुलावरून

पांढरकवड्याहून आदिलाबादची गाडी धरली की पाटणबोरी, पिंपळखुटी मागे टाकत आपण पैनगंगेवर येतो. पूल ओलांडला की पाट्या तेलुगू होतात. पूर्वी पलीकडे आंध्र होता, २०१४ पासून तेलंगणा. गाडीतली माणसे मात्र तीच. आमच्या शेजारच्या कोलाम म्हातारीची लेक पलीकडे दिलेली आणि सून पलीकडून आणलेली. तिच्या लेखी सीमा म्हणजे तिकिटाचे चार पैसे जास्त.

याच सीमेवरून, पण खूप पूर्वेला, एकदा बंदूकही इकडे आली. १९८० साली आंध्रात पीपल्स वॉर ग्रुप निघाला आणि त्याची दलमे प्राणहिता ओलांडून सिरोंचाच्या जंगलात शिरली. त्याच नोव्हेंबरात बेल्लमपल्लीच्या कोळसापट्ट्यातला पेद्दी शंकर मोयाबिनपेठ्यात पोलिसांच्या गोळीने पडला. पुढे २० एप्रिल १९८१ रोजी आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीत, जमीन आणि जंगलाचा प्रश्न घेऊन जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकडा १३. लोक फार मोठा आकडा सांगतात. अशा मुलखात दलमला पोरे मिळायला कितीसा वेळ लागणार?

महाराष्ट्राने १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा केला, १९९० मध्ये सी-६० पथक उभे केले. रान जाणणारे, गोंडी-माडिया बोलणारे स्थानिक जवान त्यात घेतले. हे शहाणपणाचे झाले. पण टाडाही लागला, आणि भीतीपोटी दलमला भाकर देणारा आदिवासीही आत गेला. रात्री दलमची धास्ती, दिवसा वर्दीची. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या सुरुंगात १५ जवान व त्यांचा वाहनचालक गेले. दोन्हीकडे मरणारी पोरे बहुतेक गरिबाघरचीच, हे आम्हांस फार लागते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत रक्तरंजित मार्ग सोडण्यास सांगितले होते. विषमता तशीच ठेवली तर तिचे चटके सोसणारेच लोकशाहीची इमारत उडवतील, हेही त्याच भाषणात बजावले होते. पहिले वाक्य सरकारला पाठ आहे.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. हाही पलीकडचाच, पेद्दपल्लीचा. पंचेचाळीस वर्षे लागली या दिवसाला.

परतीच्या गाडीत एक कोलाम गडी भेटला. प्लास्टिकच्या पिशवीत वनहक्काच्या दाव्याचे कागद जपून धरलेले. कायदा २००६ चा. दावा बापाने केला होता, बाप वारला, आता हा हेलपाटे घालतो.

"साहेब मिटिंगला गेले म्हणे. सोमवारी या म्हणाले."

"मग येणार?"

"न येऊन कसं होईल, दादा?"

पांढरकवडा आले. पिशवी छातीशी धरून तो उतरला आणि गावाकडच्या गाडीची चौकशी करू लागला.