बुऱ्हाणपूरचे पाणी आणि खिशातला फोन

बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने भुसावळला उतरायचे आणि तिथून खंडव्याकडे जाणारी गाडी धरायची. रावेरच्या केळीच्या बागा मागे पडल्या की महाराष्ट्र संपतो आणि बुऱ्हाणपूर येते. संपतो म्हणायचे ते नकाशापुरतेच. स्टेशनबाहेर रिक्षावाला हिंदीत भाडे सांगतो, आपण मराठीत घासाघीस करतो आणि सौदा दोन्ही भाषांच्या मधे कुठेतरी ठरतो. आपल्याकडे आठवडी बाजारात मराठी-कन्नडची जी सरमिसळ चालते, तीच इथे हिंदी, मराठी आणि निमाडीची. त्यामुळे सीमाभागातल्या माणसाला या गावात परके वाटत नाही.

गाव तापीच्या काठी आहे. १४०० च्या सुमारास फारुकी सुलतानांनी ते वसवले आणि खुलदाबादला ज्यांची कबर आहे त्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. १६०१ मध्ये शेजारचा असीरगड अकबराच्या हाती पडला आणि बुऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेचे दार झाले. मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच चौदाव्या बाळंतपणात वारली. ताजमहाल व्हायच्या आधी काही महिने तिचा देह नदीपलीकडे झैनाबादेत होता. पुरंदरच्या तहामुळे आपल्याला ठाऊक असलेला मिर्झाराजा जयसिंगही १६६७ मध्ये याच गावी वारला. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला इथे दोन दिवस पुरत नाहीत. पण आज मला सांगायचे आहे ते इथल्या पाण्याविषयी, आणि त्या पाण्याने शिकवलेल्या एका अगदी आजच्या धड्याविषयी.

लालबाग भागात ‘कुंडी भंडारा’ आहे. लोक त्याला ‘खूनी भंडारा’ही म्हणतात. पाण्याला किंचित लालसर झाक होती, म्हणून ते नाव पडले असे सांगतात. जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना ही योजना उभी राहिली. ती आखणारा तबकुतुल अर्ज नावाचा इराणी जाणकार होता, असे सांगितले जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असते. ते वाटेतच बोगद्यात झिरपू द्यायचे आणि हलक्या उतारावरून गावापर्यंत आणायचे, एवढीच कल्पना. पंप नाही, मोट नाही. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या आहेत. एकट्या या भंडाऱ्यावर त्या शंभरावर भरतात. खोदताना माती वर काढायला, आत हवा खेळायला आणि पुढे गाळ उपसायला त्या ठेवलेल्या. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या जागेचे नाव आले.

आपल्या वाचकांना हे फार नवे वाटू नये. बिदरच्या नौबादचा कारेज, विजापूरजवळ तोरवीची सुरंग बावडी, औरंगाबादेत मलिक अंबरची नहर-ए-अंबरी ही सगळी याच घराण्यातली भावंडे. आपल्या दख्खनने जमिनीखालच्या पाण्याशी चारपाचशे वर्षे संसार केला आहे.

कुंडी भंडाऱ्यात उतरायला एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे. ती चालू आहे की नाही हे आधी विचारून जावे. सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो की बाहेरचे ऊन, रिक्षांचे आवाज, सगळे वरच राहते. हवा दमट, पायाखाली वाहते पाणी. भिंतींवर पाण्यातल्या चुन्याचा पांढरा थर चढलेला. वरच्या कुंडीतून उजेडाचा एक खांब पाण्यात उतरतो. अशा ठिकाणी हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो.

माझ्याबरोबर माझा भाचा होता. माझी बहीण बैलहोंगलकडच्या कन्नड घरात दिली आहे. त्यामुळे हा मुलगा माझ्याशी मराठीत आणि आईशी कन्नडमध्ये बोलतो. त्याने फोन काढला आणि सरळ पाण्यात बुडवला. मी ‘अरे!’ म्हणेपर्यंत त्याचे पाण्याखालचे चित्रण सुरूही झाले होते. “मामा, काळजी करू नका, वॉटरप्रूफ आहे. आयपी अडुसष्ट!” दहाएक सेकंदांत फोन बाहेर आला, पुसला गेला, चालूही होता. पोरगे खूश.

संध्याकाळी लॉजवर त्याच्या कॅमेऱ्याच्या काचेआड धुके दिसू लागले. तरीही त्याने रात्री फोन चार्जिंगला लावला. सकाळी पडदा काळा.

बहिणीला फोन लावला. सगळे ऐकून ती मुलाला एवढेच म्हणाली, “फोन होद्र होगलि, अज्जी हाडु अदावेनु?” फोनच्या किमतीचा तिने शब्दही काढला नाही. गेल्या वर्षी तिच्या सासूबाई गेल्या. लग्नाघरी म्हणायची सोबाने पदे त्यांना तोंडपाठ होती आणि नातवाने ती आजीच्या मांडीला मांडी लावून याच फोनवर टिपून घेतली होती. दुसरी प्रत कुठेही नव्हती. पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

बाजारातल्या एका छोट्या दुरुस्तीच्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने फोन उघडला, भिंगातून पाहिले आणि मला जवळ बोलावले. “साहेब, हा पडदा बदली झालेला दिसतो. कंपनीचा गोंद एकदा सुटला ना, मग पाणी कोण अडवणार?” खरेच होते. वर्षापूर्वी फोन पडून काच फुटली होती आणि ती गावातच बदलून घेतली होती. चार्जिंगच्या तोंडाशी पांढुरकी पूड जमली होती. भुयाराच्या भिंतींवर पाहिलेला थर आणि ही पूड यांत मला तरी फारसा फरक दिसला नाही.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द आपण सगळेच सर्रास वापरतो. कंपन्या मात्र जपून ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणतात. पाणी शिरणारच नाही, हा पहिल्या शब्दाचा अर्थ. काही मर्यादेपर्यंत ते अडवले जाईल, हा दुसऱ्याचा. ही मर्यादा ‘आयपी’पुढच्या दोन आकड्यांत लिहिलेली असते. पहिला आकडा धुळीचा, शून्य ते सहा. दुसरा पाण्याचा, शून्य ते नऊ. आकड्याच्या जागी ‘एक्स’ असेल तर ती चाचणीच नोंदलेली नाही असे समजावे. पाण्याचा आकडा चार असेल तर फोन फक्त शिंतोडे सोसतो. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे. आठ म्हणजे त्याहून अवघड परीक्षा, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीच ठरवते आणि सांगते. म्हणून आयपी ६८ लिहिलेले दोन फोन सारखे नसतात. कुणी दीड मीटर म्हणतो, कुणी सहा मीटर. नऊचा आकडा गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा. आणखी एक गोष्ट, बुडवण्याच्या परीक्षेत पास झालेला फोन नळाच्या धारेखाली टिकेलच असे नाही. त्या परीक्षा वेगळ्या.

या परीक्षा होतात त्या नव्याकोऱ्या फोनवर, स्वच्छ गोड्या पाण्यात आणि स्थिर पाण्यात. आपले आयुष्य असे नसते. समुद्राचे खारे पाणी, पोहण्याच्या तलावातले क्लोरीन, घाम, चहा, साबण हे त्या परीक्षेत नाहीत. साबणाची गोष्ट मुद्दाम सांगतो. स्पीकर आणि माईकच्या भोकांवर बारीक जाळीसारखा पडदा असतो. त्यातून हवा जाते, पण पाण्याचा थेंब आपल्याच ताणामुळे आत शिरत नाही. साबण हा ताण कमी करतो आणि पाणी वाट काढते. म्हणून खिशात राहून वॉशिंग मशीनमध्ये गेलेला फोन पावसात भिजलेल्या फोनपेक्षा जास्त धोक्यात असतो.

वाफेचेही तसेच. न्हाणीघरातली कोंदट वाफ थेंबापेक्षा सूक्ष्म असते आणि उष्णतेने कडांचा गोंदही सैल पडतो. शिवाय गोंद आणि सिमच्या खाचेतले रबराचे कडे यांनाही वय असते. फोन पडतो, किंचित वाकतो, तापतो, उघडला जातो. दोन वर्षांनी आकडा खोक्यावर तोच राहतो, पण फोन तो राहत नाही.

पाणी आत गेल्यावर बिघडते काय? शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. वीज चालू असताना ओले धातू झपाट्याने गंजतात. म्हणून ओल्या फोनला चार्जर लावणे हे सर्वांत घातक. पाणी वाळले तरी क्षार मागे राहतात आणि त्यांचे काम चालू ठेवतात.

कंपन्यांच्या जाहिरातींचा हिशेब काही देशांनी मागितला आहे. २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला एक कोटी युरोंचा दंड केला. पाण्यात टिकण्याचे दावे कोणत्या परिस्थितीत खरे आहेत हे नीट सांगितले नाही आणि पाण्याने झालेले नुकसान मात्र वॉरंटीबाहेर ठेवले, असा आक्षेप होता. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला एक कोटी चाळीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. समुद्रात आणि तलावात फोन वापरतानाच्या जाहिराती होत्या. पण तशा पाण्यात बुडवून चार्जिंगचे तोंड ओले असताना चार्ज केल्यास काही फोन बिघडू शकतात, हे कंपनीला मान्य करावे लागले. आपल्याकडेही वॉरंटीचा कागद वाचून पाहा. बहुतेक ठिकाणी पाण्याचे नुकसान वगळलेले असते. फोनच्या आत एक छोटी पांढरी चकती असते. पाणी लागले की ती लाल होते, आणि मग वाद संपतो.

घरात सर्वांना ठाऊक असावे असे थोडक्यात सांगतो. फोन भिजला तर लगेच बंद करा. पुसा, सिमचा ट्रे काढा, चार्जिंगचे तोंड खाली करून तळहातावर हलके आपटा. मग वाऱ्याला, पंख्यासमोर ठेवा. पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो, तोवर चार्जर लावू नका. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यातही नको. त्याचे बारीक कण आत शिरतात, आणि ॲपलनेही तो उपाय करू नका असे स्पष्ट सांगितले आहे. खाऱ्या किंवा साबणाच्या पाण्यात पडला असेल आणि महत्त्वाचे काही आत असेल, तर चालू करून पाहण्याआधी जाणकाराकडे न्या.

बुऱ्हाणपूरच्या त्या कारागिराने सुटे भाग रसायनाने पुसले, वाळवले आणि दुपारी दुसरा पडदा जोडून फोन चालू केला. सोबाने पदे दुसऱ्या फोनवर उतरवून घेतली. भाच्याने त्यातले एक तिथल्या तिथे लावले. दुकानदाराला शब्द कळले नाहीत, तरी त्याने हातातले काम थांबवले. तो फोन पुढे आठवडाभरातच कायमचा बंद पडला, पण आजीचा आवाज आज घरातल्या चार फोनांत आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी आपल्या भागात घराघरांत शिरले. अशा वेळी फोन म्हणजे मदतीची हाक, बँकेचे पुस्तक आणि कुटुंबाचा अल्बम, सगळे एकच. त्याला खोक्यावरच्या आकड्याच्या भरवशावर सोडू नये. पावसाळ्यात चांगली बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी दाराशी असू द्या, आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याची प्रत आजच दुसरीकडे ठेवा.

कुंडी भंडारा बांधणाऱ्यांनी पाणी अडेल असे गृहीत धरले नाही. ते झिरपणार, सोबत चुना आणि गाळ आणणार, हे जाणून त्यांनी जागोजागी कुंड्या ठेवल्या, म्हणजे माणसाला आत उतरून साफ करता यावे. ज्या खानखानाच्या काळात हे झाले, तो रहीम म्हणजेच दोहे लिहिणारा कवी. पाणी राखावे, असे त्याचाच एक दोहा सांगतो. पाणी राखायचे तर त्याचा स्वभावही ओळखावा लागतो. बुऱ्हाणपूरला गेलात तर भंडाऱ्यात जरूर उतरा, मावा जिलेबी खा, फोटोही काढा. फक्त फोन पाण्याच्या वरच धरा.