ठिगळ आणि नाव

जे काम चोख झाले असता कोणाच्या लक्षात येत नाही, आणि बिघडले असता मात्र सर्वतोमुखी होते, त्याची योग्यता ठरवावी कशी, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला आहे. आमच्या संगणकावर डेबियन नावाचे लिनक्सचे वितरण आहे. त्यावर वरचेवर ब्राउझरची सुधारलेली आवृत्ती येते. आम्ही एक कळ दाबतो व वाचनास लागतो. परंतु ती आवृत्ती आपोआप येत नाही. मूळ कर्त्यांचा पाठ घेऊन, वितरणातील इतर साहित्याशी तो जुळवून, तपासून व बांधून पाठविणारा कोणी मध्ये असतो. त्यास आम्ही संपादक म्हणतो.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियनचा रिवाज असा की, ‘स्थिर’ आवृत्ती एकदा प्रसिद्ध झाली म्हणजे तीत नवलाई आणावयाची नाही. छिद्रे तेवढी बुजवावयाची. ब्राउझरपुढे हा रिवाज टिकणे कठीण. ब्राउझर म्हणजे घराचा सदैव उघडा दरवाजा. २०११ पासून मोझिलाने फायरफॉक्सची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांस काढण्याचा क्रम धरला, व २०२० पासून तो चार आठवड्यांवर आणला. दुरुस्तीबरोबर दोषही जाहीर होतो. म्हणजे तो चोरासही कळतो. संपादक नव्या वस्त्राचे ठिगळ जुन्यास लावीत बसे. पण दोन्हींचे पोतच निराळे झाल्यावर शिवण धरणार कशी? अखेर २०१३ मध्ये डेबियनने तो नाद सोडून मोझिलाची दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्तीच स्वीकारली. तीही सुमारे वर्षभराने बदलते. आणि पुढची बांधण्यास रस्ट भाषेचा नवा कंपायलर लागला, तर तोही जुन्या घरात आणून बसवावा लागतो.

या ठिगळांवरूनच २००६ साली नावाचा तंटा उपस्थित झाला. मोझिलाचे म्हणणे, फायरफॉक्स हे नाव हवे तर बोधचिन्ह आमचे वापरा, आणि फेरफारास आमची संमती घ्या. त्या चिन्हाचा परवाना डेबियनच्या मुक्ततेच्या नियमांत बसत नव्हता; शिवाय जुन्या आवृत्तीची डागडुजी परक्याच्या संमतीसाठी अडवून ठेवणे संपादकांस मान्य नव्हते. त्यांनी नावच टाकले, आणि अग्नीच्या जागी बर्फ घालून ‘आइसवीझल’ असे नवे नाव ठेवले.

न्याय कोणाच्या बाजूस होता? आमच्या मते दोन्ही बाजूंस. आपल्या नावाखाली दुसऱ्याची अक्षरे खपू नयेत, हा कर्त्याचा हक्क आम्ही लेखनाच्या व्यवहारात मानतोच. परंतु ज्याला हाती दिलेल्या पोथीतील चूक सुधारण्याची मुभा नाही, तो संपादक नव्हे, हमाल होय. २०१६ साली हा वाद मिटला. डेबियनच्या फेरफारांनी गुणास बाध येत नाही हे मोझिलाने मानले, आणि जुने नाव परत आले. दहा वर्षांच्या चोख कामाने जे साधले, ते नुसत्या वादाने साधते ना.

समईची ज्योत स्थिर दिसते, कारण कोणीतरी वेळेवर तेल घालतो व वात सारतो. डेबियनचे हे स्थैर्य त्याच जातीचे, आणि ते राखणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत. समईत तेल कोणी घातले हे कोणी विचारीत नाही. येथे मात्र पॅकेजासोबत बदलांची नोंद येते, आणि प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्याचे नाव व तारीख असते. वाचकांनी ती एकदा उघडून पाहावी.