तिसऱ्याचं ऐका!

विमानात बसल्यावर आपण आधी खिडकीची सीट शोधतो. पण पायलटसमोर एकाच कामाची तीन-तीन यंत्रं कशाला, हा विचार कोण करतं?

आम्ही दीपनगरची मुलं करतो! पॉवर हाऊसच्या कॉलनीत वाढलो ना. सगळा सप्लाय गेला तरी ३००० आरपीएमने फिरणाऱ्या टर्बाइनच्या बेअरिंगला तेल मिळालंच पाहिजे, नाहीतर बेअरिंग जळणार. एसी पंप बंद पडला की बॅटरीवरचा डीसी पंप धावून येतो. पप्पा म्हणतात, "टेस्ट न केलेला स्टँडबाय म्हणजे नुसता शोभेचा."

विमानात तर बॅकअपला बॅकअप! तरीही १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत युनायटेड २३२ या डीसी-१० विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक सिस्टिम्स एकदम गेल्या. शेपटीतल्या इंजिनाचा पंखा फुटला आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्हींचे पाइप कापले. पायलट मंडळींनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले.

आपल्या मुंबईची गोष्ट मात्र वेगळी. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ दुबईला निघालं. समुद्रावर मिट्ट काळोख, क्षितिज दिसेना. विमान कुठे कललंय हे दाखवणारं कॅप्टनचं यंत्र बिघडलं आणि 'उजवीकडे' असंच दाखवत राहिलं. म्हणून कॅप्टनने विमान डावीकडे वळवलं, वळवतच राहिले. को-पायलटचं यंत्र बरोबर होतं, पण त्यांना वाटलं, आपलंही बिघडलं! दोघांच्या मध्ये तिसरं, स्टँडबाय यंत्र होतं. फ्लाइट इंजिनिअरने तिकडे लक्ष वेधलं, पण तोवर उशीर झाला होता. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ पैकी एकही वाचलं नाही.

विचार करा... दोन यंत्रं भांडली तर खरं कोणाचं? म्हणून तर तिसरं! पॉवर हाऊसमध्येही 'टू आऊट ऑफ थ्री' लॉजिक असतंच. तिथे मतमोजणी सर्किट करतं. त्या रात्री कॉकपिटमध्ये ती माणसांनी करायची होती, तीही काही सेकंदांत.

आपण सगळे परीक्षेत 'रिडंडन्सी'ची व्याख्या लिहून मार्क्स मिळवू. पण उद्या आपल्यापैकीच कोणी कंट्रोल पॅनलसमोर बसेल, कोणी तो पॅनल डिझाइन करेल. बॅकअप बसवला म्हणजे काम संपलं नाही. गोंधळलेल्या माणसाला तो वेळेत दिसला पाहिजे, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायची सवयही हवी. ती सवय सिलॅबसमध्ये नाही, बरं का!