हिस्लॉपसाहेबांचं ऑनसाइट

नागपुरात शिकलेल्या प्रत्येकाला हिस्लॉप कॉलेज माहीत असतं. पण हा हिस्लॉप कोण, असं विचारलं की "असन कोनी इंग्रज" यापलीकडे उत्तर येत नाही. आमच्या देवळीचे दोन हिस्लॉपियन माझ्या ओळखीत आहेत, त्यांचंही तेच.

तर मंडळी, स्टीफन हिस्लॉप हा इंग्रज नव्हे, स्कॉटिश. जन्म १८१७. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी. लग्न झालं त्याच वर्षी बायकोला घेऊन बोटीत बसला आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपुरात पोचला. वय सत्तावीस! आपल्यातले कितीतरी जण याच वयात ऑनसाइटला जातात. फरक एवढाच की आपलं रिटर्न तिकीट कंपनी काढते. नागपूरला रेल्वे आली १८६७ साली, तेव्हा मुंबईहून इथवरचा प्रवास सगळा रस्त्याने. घरच्या पत्राचं उत्तर यायला महिने.

मी दीड वर्ष जर्मनीत होतो. परक्या भाषेत दिवसभर बोललं की संध्याकाळपर्यंत माणूस आहे त्यापेक्षा बावळट वाटायला लागतो, आणि इतरांना वाटतो त्याहून जास्त स्वतःला. याला तर त्याच भाषेत लोकांचे देव खोटे आहेत हे पटवून द्यायचं होतं. तेही विदर्भातल्या मे महिन्यात. शहरात मराठी चालायची, पण जवळच कामठीच्या छावणीत मद्रास फौज, तिथे तमिळ आणि तेलुगू. वर राज्य भोसल्यांचं. राजाच्या नाराजीविरुद्ध कुणी मिशनऱ्याची बाजू घेईल, असा भरवसा नाही.

१८४६ साली त्याने शाळा काढली. पोरं आली, पण इंग्रजीसाठी. बायबलचा तास म्हणजे त्यांच्या लेखी इंग्रजीची फी! पुढे एखाद्याने खरंच बाप्तिस्मा घ्यायचं म्हटलं की घरात रडारड आणि शाळा ओस. (खरं सांगायचं तर माझी सहानुभूती त्या आईबापांकडे आहे.) टार्गेट धर्मांतराचं, आणि अठरा वर्षांत तो आकडा लहानच राहिला. १८४७ पासूनचा जोडीदार रॉबर्ट हंटर १८५५ मध्ये आजारपणामुळे मायदेशी परतला. हा राहिला.

एवढं होऊन हा माणूस टिकला कशावर? मला वाटतं, दगडांवर. पाद्र्याला वीकेंड कसला, रविवारीच खरी ड्युटी. पण गावोगाव फिरताना तो आणि हंटर खडक फोडत बसायचे. नागपूरजवळ टाकळीला दोन लाव्हाथरांच्या मधल्या पट्टीत त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे जीवाश्म सापडले. म्हणजे आपला हा काळा दगड एका दमात ओतला गेलेला नाही. मध्ये तळी साचली, त्यांत जीव जगले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने दोघांचं संशोधन छापलं. हिस्लोपाइट नावाचं खनिज याच्याच नावाचं.

त्याहून मला चकित करते ती दुसरी गोष्ट. जो स्वतःच्या देवाची कथा सांगायला आला, त्याने गोंडांच्या लिंगोचं अख्खं गीत एका प्रधानाकडून ऐकून गोंडीत उतरवून घेतलं. ते अडाण्यांचं खूळ म्हणून सोडून देणं त्याच्या नोकरीत बसलं असतं. पण त्याने शब्द न् शब्द लिहिला.

देवळीहून नागपूरला जाताना वर्ध्यानंतर बुटीबोरी लागते, तिथून टाकळघाट जवळच. तिथली प्राचीन दगडी वर्तुळं बघायला ४ सप्टेंबर १८६३ ला तो मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्याबरोबर गेला होता. परतताना संध्याकाळ झाली, टेंपल पुढे निघून गेला होता, आणि पावसाने फुगलेला नाला घोड्यावरून एकट्याने ओलांडताना हिस्लॉप बुडाला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. लिंगोचं गीत त्याच्या कागदांत तसंच पडून होतं. ते टेंपलने १८६६ साली छापलं.