चाकाची फवारणी

पिकअपच्या रिमला पहिल्यांदा स्प्रे मारायला बसलो तेव्हा मला वाटलं होतं, यात आपल्याला काय शिकायचंय? वीस वर्षं द्राक्षबाग फवारतोय. नोझल कुठं धरायचं, हात कसा फिरवायचा, सगळं अंगवळणी पडलेलं. नारायणगावातून चंदेरी रंगाचे डबे आणले, डिसेंबरातल्या एका सकाळी सातला अंगणात बसलो आणि नऊच्या आत स्टेपनी धरून पाचही रिमा नासवल्या.

नासवल्या त्या बागेच्याच सवयीनं. डाऊनी रोगाचं औषध मारताना पान दोन्ही अंगांनी भिजलं पाहिजे. पानाच्या टोकावरून थेंब सुटायला लागला की आपण पुढच्या वेलीकडे सरकतो. रंगात थेंब सुटला की खेळ संपला. माझ्या रिमांवर मेणबत्तीसारखे ओघळ आले होते. शिवाय रंग चंदेरी दिसायच्या ऐवजी ताकासारखा पांढुरका दिसत होता. डब्यात भेसळ आहे म्हणून मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली. भेसळ हवेत होती. थिनर उडून जाताना लोखंडातली ऊब घेऊन जातो. पाझरणारा माठ गार पडतो, तीच ही गोष्ट. हवा दमट असली की त्या गारठलेल्या पत्र्यावर दव धरतं आणि ओल्या रंगात मिसळून त्याला दुधाळ करतं. ज्या दवाच्या धास्तीनं मी ऑक्टोबर छाटणीनंतर रात्री-अपरात्री बागेत बॅटरी घेऊन फिरतो, तेच दव मला अंगणात ओळखू आलं नाही.

आता दहाच्या आधी डब्याचं टोपण काढत नाही. दव उडालेलं असावं, वारा अजून उठलेला नसावा, रिम हाताला कोमट लागावी. थंडीत डब्यातला दाब पडतो आणि रंग फवाऱ्याऐवजी शिंतोडे टाकतो. म्हणून डबा थोडा वेळ कोमट पाण्यात उभा करतो. चुलीजवळ, उन्हात तापलेल्या टपावर कधीच नाही.

गंज पावसानं चढतो असं सगळे म्हणतात. माझ्या गाडीबाबत ते अर्धंच खरं. तिच्या हौद्यात कधी शेणखत असतं, कधी पोटॅशच्या गोण्या. आपण वापरतो ते लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा चुलतभाऊ. गोणी उसवली की दाणे फटीतून चाकावर पडतात, हवेतली ओल धरून ठेवतात आणि लोखंड खात बसतात. पुढच्या चाकांवर ब्रेक घासून उडालेली लोखंडाची पूड असते. ती गरम असतानाच चिकटते, नुसत्या पाण्यानं निघत नाही. वर कुणी हौसेनं टायर पॉलिश मारलेलं असेल तर आणखी बिकट. त्यातलं सिलिकॉन रिमवर राहिलं की रंग तेवढ्या जागेवरून गोल फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. साबणानं धुवायचं, वाळवायचं, मग थिनरच्या फडक्यानं पुसायचं. रॉकेलनं पुसलं तर तेलकटपणा मागे राहतो.

खरा वेळ जातो घासण्यात. तारेचा ब्रश, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, 180, 320. गंजाचा काळा ठिपका दिसेनासा झाला तरी बोट फिरवून बघायचं. जुन्या रंगाची कड नखाला अडखळली तर ती नव्या रंगातूनही दिसणार आणि पुढं तिथूनच पोपडा सुटणार. एका रिमला माझी अख्खी दुपार जाते. आई म्हणते, "एवढा कधी भांड्याला हात लावला नाहीस."

टायर काढायला पंक्चरवाल्याकडे नेत नाही. टायरला रंग लागू नये म्हणून हवा कमी करतो आणि रिम व टायरच्या फटीत लग्नपत्रिका खोचत जातो. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन पत्रिका येतात. जाड, गुळगुळीत, वाकतात पण मोडत नाहीत. एका चाकाला वीस-बावीस लागतात. गणपतीचं चित्र असलेली बाजू तेवढी आईनं आधी कापून घेतलेली असते.

मग प्रायमर आणि त्यावर रंग. डबा दोन मिनिटं हलवायचा, आतली गोळी खडखडली पाहिजे. अंतर एक वीत. हात रिमच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा. आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढवायचा. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसावा. इथंच माझा जीव वरखाली होतो, कारण बागेत असं अर्धवट सोडलं तर भुरी आलीच म्हणून समजा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा हात, मग तिसरा. शेवटी लॅकर.

लॅकरवरून एकदा गॅरेजच्या पेंटरशी वाद झाला. तो म्हणाला, हार्डनरवालं पीयू लॅकर मार, पेट्रोल सांडलं तरी हलणार नाही. बरोबर आहे त्याचं; साधं लॅकर ब्रेक ऑइलचा एक थेंब पडला तरी उठतं. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी मास्क ते अडवत नाही आणि त्यानं दमा लागू शकतो. औषधाच्या बाटलीवर लाल त्रिकोण बघितला की आपण दहा पावलं मागं सरतो. हार्डनरच्या डब्यावर तसा त्रिकोण नसतो एवढंच. घरी मी साधंच मारतो, आठवडाभर धुवत नाही, आणि दोन वर्षांनी पुन्हा बसायची तयारी ठेवतो.

जाता जाता एक गंमत. तो पेंटर कुठलाही रंग मारला तरी "ड्युको मारला" म्हणतो. ड्युको हे ड्युपाँट कंपनीच्या 1920च्या दशकातल्या रंगाचं नाव. त्याआधी मोटारीवर ब्रशनं हात देऊन ते वाळण्याची आठवडेच्या आठवडे वाट बघत. हल्ली तो रंग गाड्यांना क्वचितच कुणी मारतं. नाव मात्र आळेफाट्यापासून मंचरपर्यंत प्रत्येक गॅरेजात शाबूत आहे.

त्या पहिल्या फसगतीनंतर दुसऱ्या वेळी रंग असा बसला की शेजारी येऊन बघून गेले. त्याच हौसेत मी नटांची भोकंही आतून भरून रंगवली. नट बसतो तो उतार, ड्रमला टेकते ती मागची बाजू, सगळीकडे तीन-तीन हात. आठवड्यानं दाजी आणि बहिणीला घेऊन भीमाशंकरला निघालो. घोडेगाव गेलं, डिंभ्याच्या पुढं वळणं सुरू झाली आणि मागच्या डाव्या चाकातून कटकट ऐकू यायला लागली. उतरून बघितलं तर दोन नट बोटानं फिरत होते. नटाखाली मऊ रंगाचा थर होता. ओझं आणि ब्रेकची ऊब लागल्यावर तो दबला, नटाची ओढ गेली. चाक धरून ठेवतं ते लोखंडावर लोखंड आवळलेलं असतं म्हणून. आजोबांच्या बैलगाडीला लोहार धाव तापवून चढवायचा, वरून पाणी ओतलं की ती लाकडावर आवळून बसायची. तिथं मध्ये काही घालायचं कुणाच्या मनात आलं नसतं. दाजी काही बोलले नाहीत. पाना हातात देऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि बहीण भीमाशंकरापर्यंत कडेचं हँडल सोडायला तयार नव्हती.

आता पाचही भोकांना आणि मागच्या बाजूला प्रायमरच्या आधीच चिकटपट्टी लावतो. परवा पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. घोडेगावात चहाला थांबल्यावर पाना काढला आणि चारही चाकांचे नट एकेक करून तपासले. पुढच्या उजव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला.